रसायनशास्त्राचीं कोडीं कशीं असावींत ?

मराठी माणसास कोडें घालण्याची व सोडविण्याची हौस फार जुनी आहे. आजीच्या मांडीवर डोकें ठेवून ऐकलेले उखाणे, शेतांत भांगलतांना बायका एकमेकींना घालीत तीं कोडीं, पंडित कवींचे कूट श्लोक, ही सर्व आपल्या भाषेची शिदोरीच होय. शाळेंत मात्र कोडें आलें तें बहुधा वर्तमानपत्राच्या वाटेनें. १९१३ सालच्या डिसेंबर महिन्यांत आर्थर विन् नांवाच्या गृहस्थानें न्यू यॉर्कच्या एका वर्तमानपत्रांत उभ्या-आडव्या घरांचें कोडें छापिलें, आणि तेथून हा खेळ जगभर पसरला. आतां विज्ञानमंडळाच्या भित्तिपत्रकांवर आणि सुट्टीच्या वह्यांत रसायनशास्त्राचींही शब्दकोडीं दिसूं लागलीं आहेत. तीं असावींत, असेंच माझें मत आहे. परंतु तीं कशीं असावींत याविषयीं विद्यार्थ्यांशीं व त्यांच्या पालकांशीं चार शब्द बोलावे असें पुष्कळ दिवस मनांत होतें. त्याचें कारण माझ्याच हातून घडलेली एक चूक आहे; ती प्रथम सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं मीं इयत्ता नववीसाठीं एक अक्षरचौकट तयार केली. तींत वीस पदार्थांचीं नांवें उभीं, आडवीं व तिरपीं लपविलेलीं होतीं. अर्ध्या तासांत जो सर्वांत अधिक नांवें शोधील त्यास बक्षीस, असा नियम होता. एका चुणचुणीत मुलानें सात मिनिटांत वीसही नांवें शोधून काढलीं. बक्षीस देतांना मीं त्याला सहज विचारलें, "बाळ, कथील म्हणजे काय ?" तो तत्काळ उत्तरला, "सर, तें तिसऱ्या ओळींत आहे."

सारा वर्ग हंसला, मीही हंसलों. परंतु घरीं परततांना तें उत्तर मनांतून जाईना. मुलानें खोटें कांहींच सांगितलें नव्हतें. मीं त्याला अक्षरें शोधावयास लाविलें होतें व तीं त्यानें शोधलीं होतीं. कथील काय असतें, हें माझ्या कोड्यानें त्याला विचारलेंच नव्हतें.

त्याच वर्गांत चांदीचे दागिने घडविणाऱ्या घरांतील एक मुलगी होती. तिला नऊच नांवें सांपडलीं. रात्रीं कागद तपासतांना पाहतों तों तिनें प्रत्येक नांवापुढें पेन्सिलीनें एकेक ओळ लिहिलेली. टांकणखार : दागिना सांधतांना बाबा लावतात. नत्राम्ल : आमच्याकडे तेजाब म्हणतात, फार जपावें लागतें. कथील : कल्हईचें. तिचा वेळ त्यांतच गेला होता. ज्याला पदार्थ ठाऊक नव्हते त्याला बक्षीस मिळालें, आणि जिला ते ठाऊक होते ती रिक्त हस्तानें घरीं गेली. हा अन्याय दुसऱ्या कोणीं केला नव्हता. कोडें रचणाऱ्या शिक्षकानें केला होता.

तेव्हांपासून माझें मत असें झालें आहे कीं, ज्याचें उत्तर पदार्थ न ओळखतां केवळ अक्षरें जुळवून मिळतें, तें कोडें अक्षरांचें; रसायनशास्त्राचें नव्हे. रसायनशास्त्राच्या कोड्यानें मुलाला नांवापाशीं उभें करून विचारावें, 'हें नांव खरें बोलतें काय ?' आणि त्याचें बोट धरून त्याला वस्तूपर्यंत न्यावें.

हें कसें साधतें तें एका उदाहरणानें पाहूं. तुमच्या दप्तरांतील शिसपेन्सिल हातांत घ्या. 'माझ्या नांवांत शिसें आहे, पण अंगांत शिशाचा कणही नाहीं, मी कोण?' असें विचारलें तर प्रथम मुलें बुचकळ्यांत पडतात, मग पेन्सिलीचें टोंक नखानें खरवडतात, आणि मग खरा प्रश्न विचारतात : 'मग आंत आहे तरी काय ?' आंत आहे ग्रॅफाइट आणि चिकणमाती. सोळाव्या शतकांत इंग्लंडांतील बॉरोडेल येथें हा काळा, मऊ पदार्थ सांपडला. कागदावर रेघ उमटते म्हणून लोक त्यास शिशाचीच एक जात समजले. पुढें १७७९ सालीं शेले या रसायनज्ञानें दाखवून दिलें कीं तें शिसें नसून कर्ब आहे. चूक दुरुस्त झाली, पण नांव बदललें नाहीं. इंग्रजींतली ती जुनी समजूत आपल्या मराठी शब्दांतही येऊन बसली. एका कोड्यांतून मुलाला ग्रॅफाइट कळलें, कर्ब कळला, आणि माणसें नांव ठेवतांना कशीं चुकतात हेंही कळलें. अक्षरचौकटींत 'शिसपेन्सिल' हीं अक्षरें शोधून यांतलें काय हातीं लागलें असतें ?

अशीं कोडीं रचण्यास आपल्या कोल्हापुराइतकी सोयीची जागा क्वचितच सांपडेल. गुजरींत सोन्याचा कस लागतो, हुपरीस चांदी आटते, गुऱ्हाळांत उंसाच्या रसाचा आंबटपणा मारण्यासाठीं चुना पडतो, चर्मकार कातडें कमावतांना झाडांच्या सालींतील तुरट रस वापरतात. रसायनशास्त्र येथें प्रयोगशाळेंत येण्याआधीं बाजारांत नांदत होतें. आणि तें मराठींत लिहिण्याचा उद्योगही याच नगरींत झाला आहे. राजाराम कॉलेजांत शास्त्रविषय शिकविणारे बाळाजी प्रभाकर मोडक (१८४७–१९०६) यांनीं रसायनशास्त्रादि विषयांवर मराठींत ग्रंथ लिहिले. ज्या काळीं या शास्त्राचे शब्दच मराठींत घडावयाचे होते, त्या काळीं प्रत्येक पदार्थास नांव कोणतें द्यावें हें लेखकापुढें मोठेंच कोडें असलें पाहिजे. आज आपण तीं नांवें आयतीं घोकतों, पण त्यांच्याकडे पाहत नाहीं.

जरा पाहूं या. तुरटी आपली चव सांगते. मोरचूद आपला रंग सांगतो. नवसागर मात्र चक्क फसवितो. त्याच्या नांवांत सागर असला तरी त्याचा समुद्राशीं कांहीं संबंध नाहीं, तो शब्द नौशादर या फारसी शब्दाच्या कुळांतला आहे. हिराकसांत हिरा नसून लोखंड आहे. जर्मन सिल्व्हरांत चांदीची एक गुंजही नसते. तें तांबें, जस्त व निकल यांचें मिश्रण होय. आणि आपल्या घरांत ज्याला 'जर्मनचें भांडें' म्हणतात तें तर जर्मन सिल्व्हरही नव्हे, तें ॲल्युमिनियमचें. एकाच शब्दाच्या आड तीन धातूंची लपंडाव चालावी, याहून चांगलें कोडें शिक्षकानें आणखी कोठून आणावें ?

परंतु नांवाची फसवणूक उघड करून थांबलें तर कोडें अर्धेंच राहतें. पदार्थ वागतो कसा, हें त्यांत आलें पाहिजे. उदाहरणार्थ, हें पाहा : 'नांवांत माझ्या मोर आहे. तापविलें तर माझा निळा रंग उडून मी पांढरा होतों. पाण्याचा थेंब दिला कीं पुन्हा निळा होतों. तर तापवितांना माझ्यांतून गेलें तें काय, रंग कीं पाणी ?' तासगांवकडे द्राक्षांवर फवारण्यासाठीं चुना व मोरचूद यांचें मिश्रण करणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलालाही हें कोडें चटकन् सुटत नाहीं. पण शिक्षकानें परीक्षानळींत चिमूटभर मोरचूद तापवून दाखविला, नळीच्या थंड तोंडाशीं जमलेले थेंब मुलांनीं पाहिले, कीं स्फटिकांत बांधलेलें पाणी म्हणजे काय हें पुन्हा सांगावें लागत नाहीं. त्याचप्रमाणें कल्हईवाला तापलेल्या तांब्याच्या भांड्यांत नवसागर टाकतो तेव्हां पांढरा धूर कां उठतो, आणि त्यानंतरच कथील भांड्याला कां चिकटतें ? उत्तर असें कीं, नवसागर तांब्यावरील मळ, म्हणजे हवेंतील प्राणवायूनें धरलेली पुटी, काढून टाकतो. स्वच्छ धातूवरच कथील बसतें. गल्लींतलें हें दृश्य आतां दुर्मिळ होत चाललें आहे. ज्या आजी-आजोबांनीं तें पाहिलें आहे त्यांना नातवंडांनीं अवश्य विचारावें.

कोडें अवघड असावें, पण न्याय्य असावें. पवित्र शास्त्रांत शमशोनाच्या कोड्याची कथा आहे. त्यानें मारलेल्या सिंहाच्या सांगाड्यांत मधमाश्यांनीं मध केला होता. तो त्यानें एकट्यानेंच पाहिला होता, आणि त्यावरच त्यानें लग्नाच्या मेजवानींत कोडें घालून तीस पोषाखांची पैज लाविली. जें दुसऱ्या कोणीं पाहिलेंच नाहीं तें विचार करून सांपडणार कसें ? शेवटीं उत्तर कपटानें काढून घेण्यांत आलें, आणि खेळाचें पर्यवसान रक्तपातांत झालें. शिक्षकानें हा धडा लक्षांत ठेवावा. जें मुलानें पाहिलेलें आहे, किंवा ज्याचा प्रयोग त्याला करून पाहतां येईल, तेंच कोड्यांत घालावें. नाहीं तर मूल उत्तर चोरावयास शिकतें, आणि दोष मात्र त्याच्या माथीं येतो.

कोणी म्हणेल, हा सगळा बालिशपणा आहे. मोठ्या शास्त्रज्ञांना कोड्यांशीं काय कर्तव्य? तर त्यांना सांगावें कीं, रसायनशास्त्राचें सर्वांत प्रसिद्ध कोष्टक हेंच मुळीं एक अपुरें शब्दकोडें होतें. १८६९ सालीं मेंडेलीव्ह या रशियन पंडितानें त्या काळीं ठाऊक असलेलीं मूलद्रव्यें गुणधर्मांप्रमाणें ओळींत मांडलीं, आणि जेथें जुळेना तेथें बळेंच कांहीं न घुसडतां घर रिकामें ठेविलें. पुढें त्या घरांत येणाऱ्या पाहुण्यांचे गुणधर्मही त्यानें आधींच वर्तविले, आणि त्यांना तात्पुरतीं नांवें देतांना आपल्या संस्कृतांतला 'एक' हा शब्द घेतला : एक-ॲल्युमिनियम, एक-बोरॉन, एक-सिलिकॉन. १८७५ सालीं गॅलियम, १८७९ सालीं स्कँडियम आणि १८८६ सालीं जर्मेनियम सांपडून तीं तिन्ही घरें भरलीं. यांतील गॅलियम सुमारें ३० अंशांवर वितळतें, म्हणजे तळहातावर ठेविलें तर पाणी होतें. कोल्हापुरच्या एप्रिलांत तर तें बशींतल्या बशींत वितळेल! आज त्या कोष्टकांत ११८ मूलद्रव्यें आहेत. मेंडेलीव्हनें घर रिकामें ठेवण्याचें धैर्य दाखविलें नसतें तर कोडें सुटलें नसतें. परीक्षेंत रिकामी जागा दिसली कीं कांहीं तरी खरडून ती भरणाऱ्या आपल्या मुलांना हें जरूर सांगावें.

आणि थोर माणसेंही नांव ठेवतांना चुकतात, याचें उदाहरण तर आपल्या प्रत्येक श्वासांत आहे. फ्रान्समधील लाव्हाझिये यानें १७७७ च्या सुमारास ऑक्सिजनला तें नांव दिलें. त्याचा अर्थ 'आम्ल उत्पन्न करणारा'. प्रत्येक आम्लांत हा वायु असलाच पाहिजे अशी त्याची समजूत होती. बंगाली लोकांनीं त्याचें भाषांतर करून 'अम्लजान' म्हटलें. परंतु १८१० सालीं डेव्ही यानें सांगितलें कीं मिठापासून निघणाऱ्या आम्लांत ऑक्सिजन मुळींच नाहीं. बंगाली नांवांत ती जुनी चूक उतरली. मराठींत आपण 'प्राणवायु' म्हणतों, म्हणून त्या चुकींतून सुटलों. तरी आपलेंही नांव अर्धेंच सत्य सांगतें. जो वायु आपला प्राण राखतो तोच अंगणांतल्या खिळ्याला, थोडी ओल मिळाली कीं, गंजवून खातो. 'मी तुला जगवितों आणि तुझ्या विळ्याला मारतों' असें कोडें घातलें तर मूल प्राणवायूचीं दोन्ही कामें एकदमच शिकेल.

आतां पालकांच्या शंकांकडे वळतों. पहिली शंका, 'हें परीक्षेंत येतें का ?' ती रास्त आहे. मुलाच्या शिक्षणासाठीं पोटास चिमटा घेणाऱ्या आईबापांनीं ती विचारावीच. माझें उत्तर असें कीं, कोडें परीक्षेंत येत नाहीं, पण कोड्याचें उत्तर येतें. मोरचुदाचें कोडें ज्यानें स्वतः सोडविलें तो स्फटिकजलाची व्याख्या घोकल्यावांचून लिहितो, आणि पेपर संपल्यावरही ती विसरत नाहीं.

दुसरी शंका अधिक खोल आहे. 'अकरावीपासून शास्त्र इंग्रजींतून शिकावें लागतें. मग नवसागर नि हिराकस घेऊन मुलानें काय करावें?' मराठी माध्यमांतून जाणाऱ्या मुलांची त्या वर्षीं होणारी घालमेल मीं पाहिली आहे. हुशार मुलें केवळ नांवांच्या भयानें शास्त्र सोडून देतात. परंतु हें भय घरचीं नांवें विसरून जात नाहीं. घरच्या नांवाला परक्या नांवाशीं जोडून दिल्यानें जातें. अमोनियम क्लोराइड हें नांव ऐकून ज्याच्या नाकाशीं कल्हईवाल्याचा धूर येतो, त्याला तें परकें वाटत नाहीं. लोखंडाची खूण 'एफ्. ई.' आणि सोन्याची 'ए. यू.' कां, हें कोडें इंग्रजी शाळेंतल्या मुलालाही इंग्रजीवरून सुटत नाहीं. कारण बर्झेलियसनें १८१३-१४ च्या सुमारास ठरविलेल्या या खुणा फेरम व ऑरम या लॅटिन नांवांच्या आहेत. तेथें दोन्ही मुलें एकाच पायरीवर उभीं असतात. आपल्या मुलांना हें समजलें तर त्यांची मान थोडी ताठ होईल.

शेवटचें कारण मात्र गुणांचें नव्हे, जिवाचें आहे. घराघरांत आज न्हाणीघर घासण्याचें ॲसिड असतें आणि पाणी निर्जंतुक करण्याची ब्लीचिंग पावडरही असते. म्हणून हें कोडें प्रत्येक घरांत एकदां तरी घातलें जावें अशी माझी विनंती आहे : 'आम्ही दोघे वेगवेगळे असतां तुमचें घर स्वच्छ करतों, एकत्र आलों तर तुमचा श्वास कोंडतों. आमच्या भेटींतून निघतो तो कोण ?' उत्तर : क्लोरीन, फिकट हिरवट-पिवळा विषारी वायु, त्याचें नांवही त्याच्या रंगावरूनच पडलें आहे. १९१५ सालच्या एप्रिलांत ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला गेला तो हाच. दुप्पट स्वच्छता व्हावी म्हणून भोळेपणानें हीं दोन्ही एकत्र ओतणारा माणूस अडाणी असतो असें नाहीं. बाटलीवरचें नांव त्यानें वाचलेलें असतें. त्यानें वाचलेलीं असतात तीं केवळ अक्षरें. तिसऱ्या ओळींत कथील शोधणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याप्रमाणेंच त्यालाही नांवामागची वस्तु कोणीं दाखविलेली नसते.

त्या मुलीचा कागद मीं अद्याप जपून ठेविला आहे. त्यावर गुण नऊच आहेत. ते बदलणें आतां माझ्या हातीं नाहीं. परंतु त्यानंतर मीं घातलेल्या प्रत्येक कोड्यांत मुलानें नांवापुढें एक ओळ लिहावी, असा नियम ठेविला आहे, आणि बक्षीस त्या ओळीला असतें.

तेव्हां विद्यार्थ्यांनो, या सुट्टींत पुढील तीन कोडीं सोडवा. पुस्तक उघडण्यापूर्वीं घरांत, अंगणांत व बाजारांत हिंडा. वडील माणसांना विचारा. आणि उत्तराच्या नांवापुढें एक ओळ लिहावयास विसरूं नका.

पहिलें : माझी आई पाणी पाहतांच खवळते, माझा बाप विषारी आहे, मी मात्र रोज तुमच्या ताटांत डाव्या हाताला बसतों.

दुसरें : दगड होतों, भट्टींत भाजलों, पाणी प्यालों तेव्हां तापलों, भिंतीवर बसून हवा खाल्ली, पुन्हा दगड झालों. (हें कोडें विचारानेंच सोडवावें, भाजलेल्या दगडाशीं व पाण्याशीं खेळूं नये, डोळा जाण्याचें भय असतें.)

तिसरें : चांदीचा चमचा उकडलेल्या अंड्यांत विसरला, तो काळा पडला. अंड्यांत लपलेला तो चोर कोण ?